मधुमेहात पायाची जखम: मलमाच्या आधी काय करायचं, कोणत्या क्रमानं

ड्रेसिंगच्या टेबलावर पाय ठेवला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, कुठलं मलम लावू?" तोवर त्या जखमेवर हळद होऊन गेलेली असते, दगडी पाला होऊन गेलेला असतो, मेडिकलमधून आणलेली दोन मलमं संपलेली असतात. जखम तीन आठवड्यांची झालेली असते आणि माणूस त्याच पायानं चालत, नाहीतर गाडीचा गियर टाकत आलेला असतो.

चूक मलमाच्या निवडीत नसते, कामाच्या क्रमात असते. या लेखात ड्रेसिंग सहाव्या टप्प्यावर आहे. आधीचे पाच टप्पे राहिले असतील तर सहाव्याचा उपयोग होत नाही, हे मी रोज बघते.

आधी एवढं समजून घ्या: त्वचेचं काम कुठे अडतं

निरोगी माणसाला कापलं की चार पाळ्या एकामागून एक लागतात. पहिल्या पाळीत रक्त गोठतं. दुसरीत पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. याला काही दिवस जातात. तिसरीत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचा भराव घालतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात आणि कडेच्या केराटिनोसाइट पेशी त्या लाल भरावावरून आत सरकत जखम झाकत येतात. चौथ्या पाळीत भराव घट्ट होतो. ते काम कित्येक महिने, कधी वर्षभर चालतं.

मधुमेहात दुसरी पाळी सुटता सुटत नाही. मॅक्रोफेज नावाच्या पेशींनी साफसफाई संपवून बांधकामाला हातभार लावायचा असतो, पण त्यांचा हा पालट रेंगाळतो आणि दाह चालूच राहतो. त्या दाहात प्रथिनं विरघळवणारी विकरं जास्त सुटतात. भराव घातला जातो तसा तो विरघळतही जातो. फायब्रोब्लास्ट पेशी अकाली थकलेल्या असतात, त्यांना 'आता काम वाढवा' हा निरोप नीट कळत नाही. कडेच्या पेशींची गंमत उलटी असते. त्या संख्येनं वाढतात, पण पुढे सरकत नाहीत. म्हणून जखमेभोवती पांढरट, जाड कड साचते. तुम्हाला वाटतं कातडी येतेय, प्रत्यक्षात पेशींची तिथल्या तिथे गर्दी झालेली असते.

साखरेचंही पाहा. एचबीएवनसी ही तपासणी साखर हिमोग्लोबिनला किती चिकटली आहे ते सांगते. तसंच चिकटणं त्वचेच्या कोलॅजनवरही चालू असतं आणि त्यानं कोलॅजन ताठर होतं. हिमोग्लोबिन असलेल्या तांबड्या पेशी तीन-चार महिन्यांत बदलतात, कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. त्यामुळे "गेल्या महिन्यापासून शुगर नॉर्मल आहे, मग जखम का भरत नाही?" या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये सापडत नाही. साखर आटोक्यात हवीच, पण जुन्या साखरेची खूण त्वचेत शिल्लक असते.

टप्पा १. जखम होण्याआधीची तयारी

घरात मधुमेहाचं माणूस असेल तर एक डबा भरून ठेवा. त्यात नॉर्मल सलाइनची लहान बाटली, निर्जंतुक गॉजची पाकिटं, रोलर बँडेज, कागदी चिकटपट्टी, हातमोजे, हातात धरायचा आरसा आणि एक छोटी मोजपट्टी असू द्या. मोजपट्टी का, ते आठव्या टप्प्यात येईल.

डब्यात काय ठेवायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. कुरूप काढायची कॉर्न कॅप नको. तिच्यातलं सॅलिसिलिक आम्ल बधिर पायाची चांगली कातडीही खातं. ब्लेड नको. हायड्रोजन पेरॉक्साइड नको. ते फसफसतं तेव्हा जखम साफ होतेय असं वाटतं, पण नवीन येणाऱ्या पेशीही त्यात मरतात.

घरच्या घरी पायाची जाणीव तपासून ठेवा. माणसाला डोळे मिटून झोपायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा बोटांच्या टोकांना तुमच्या तर्जनीनं एकेक करून अगदी हलका, सेकंद-दोन सेकंदांचा स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पाय बधिर होत चालला आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांना सांगा.

टप्पा २. जखम दिसली त्या दिवशी

शिरोळकडच्या एका मामांचा पाय मला अजून आठवतो. उसाच्या खोडव्याचं टोक चपलेतून तळव्यात गेलं होतं. रात्री पाय धुताना बादलीतलं पाणी लाल झालं तेव्हा त्यांना कळलं. पाचव्या दिवशी टेबलावर आले आणि म्हणाले, "दुखत न्हाई बगा सिस्टर, म्हणून म्हटलं बारीक असंल." गॉज काढला तर वर ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आणि आत करंगळीचं पेर जाईल एवढी पोकळी. मधुमेहात 'दुखत नाही' ही चांगली बातमी नसते. मज्जातंतू बोथट झालेत म्हणून दुखत नाही.

त्या दिवशी एवढंच करायचं:

हात साबणानं धुवा. जखम सलाइननं धुवा. सलाइन नसेल तर उकळून गार केलेलं पाणी चालेल. स्वच्छ गॉज ठेवून सैल पट्टी बांधा. आरशात दोन्ही तळवे बघा, बोटांच्या बेचक्यात बघा, कारण बधिर पायावर दुसरीही जखम असू शकते. बोटात जोडवी असतील तर लगेच काढा. सूज चढल्यावर ती कातडीत रुततात आणि मग कापून काढावी लागतात. मावशी, काकू, हे मन कठोर करून करा. पाय बरा झाला की परत घालता येतील. मग डॉक्टरांना फोन करा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही सांगा.

सावधान: हळद, चुना, टूथपेस्ट, राख, पाल्याचा रस यांतलं काहीही नको. रंगीत थर बसला की खालची कातडी लाल आहे का काळी, हे कुणालाच दिसत नाही. शिवाय शेतातल्या पाल्यासोबत मातीतले जंतू येतात. मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको. पाणी किती गरम आहे हे बधिर पायाला कळत नाही, आणि भिजून पांढरी पडलेली कातडी लवकर फाटते.

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखान्यात जा. जखमेभोवतीची लाली कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली आहे. ताप किंवा थंडी वाजते. घाण वास येतो. बोट निळं-काळं पडलं. आत पांढरं, कडक, हाडासारखं दिसतं. बधिर पाय अचानक ठणकायला लागला. औषध चुकलं नसताना साखर एकदम चढली. आणखी एक: जखम नसताना पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल तर तोही तातडीचा आहे. आतली हाडं ढासळायला लागलेली असू शकतात.

टप्पा ३. पायावरचा भार काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून इथे जरा थांबते.

तळव्यावरच्या जखमेवर पाऊल टाकलं की कडेच्या पेशी चिरडतात आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. या पेशी आधीच सरकायला नाखूश आहेत. त्यांनी दिवसभरात जे काही केसभर अंतर कापलेलं असतं, ते संडासपर्यंतच्या चार फेऱ्यांत मोडतं. निरोगी माणूस दुखतंय म्हणून लंगडतो आणि जखमेला आपोआप विश्रांती मिळते. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही, ताठ चालतो.

तळव्याच्या जखमेवर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट. भार त्यात पोटरीवर वाटला जातो. रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग तपासूनच डॉक्टर ते लावतात. ते शक्य नसेल तर काढता येणारा बूट, फेल्टची गादी, वॉकर, कुबड्या. काढता येणाऱ्या बुटाची अडचण अशी की घरात आलं की तो दाराशी निघतो. बाहेर शंभर पावलं बूट घालून आणि घरात हजार पावलं अनवाणी, असा हिशोब होतो.

घरात या गोष्टी बदला. रात्रीसाठी पलंगाजवळ भांडं किंवा कमोडची खुर्ची ठेवा. जेवण खाली मांडी घालून नको, कारण मांडी घातली की घोट्याचं बाहेरचं हाड फरशीवर टेकतं आणि तिथे दुसरी जखम उभी राहते. टाच जखमी असेल तर झोपताना पोटरीखाली उशी घ्या, टाच अधांतरी राहू दे. डाव्या पायाला जखम असेल तर गियरची गाडी बंद. गियर वर उचलताना सगळा दाब बोटाच्या वरच्या बाजूवर येतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आणि अनवाणी चालणं. चैत्रातली जोतिबाची यात्रा, अंबाबाईच्या देवळात तापलेली फरशी. श्रद्धेला मी हात लावत नाही, माझ्या घरीही हे सगळं आहे. पण जखम उघडी असताना पायऱ्या चढू नका, आणि जखम नसली तरी बधिर पायानं उन्हातल्या फरशीवर उभं राहू नका. भाजल्याचं कळत नाही, संध्याकाळी फोड दिसतो.

तपासणी: संध्याकाळी गॉज काढल्यावर त्यावर ताजं रक्त किंवा जखमेभोवती काळसर-जांभळा डाग असेल, तर दिवसभरात भार पडलेला आहे. पेशंट "चाललोच नाही" म्हणत असला तरी.

टप्पा ४. डॉक्टरांकडे काय तपासून घ्यायचं

घोट्याच्या पुढची आणि मागची नाडी हातानं बघायला सांगा. नाडी लागत नसेल तर डॉपलरनं घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी असेल तर पायाचं रक्त कमी पडतंय. मात्र मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या कॅल्शियम साचून कडक झालेल्या असू शकतात, मग आकडा खोटाच चांगला येतो, १.३ च्या वरसुद्धा जातो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. रक्त पोहोचत नसेल तर आधी रक्तवाहिनीच्या डॉक्टरांचं काम, मग बाकीचं. रक्तपुरवठा न तपासता सूज उतरवायला घट्ट क्रेप बँडेज बांधलेलं मी पाहिलंय. ते पायाचा उरलेला श्वासही कोंडतं.

जखम खोल असेल तर हाडापर्यंत सळई टेकते का ते बघतात आणि एक्स-रे काढतात. हाडाला लागण झाली असेल तर वरून कातडी आली तरी जखम परत फुटते.

अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. लाली, सूज, गरमपणा, पू असं काही नसेल तर जखमेला अँटिबायोटिक लागत नाही, त्यानं ती लवकर भरतही नाही. लागण असेल तेव्हा मात्र कोर्स मध्येच सोडू नका.

खर्चाची काळजी असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत दाखवा. जुने रिपोर्ट, औषधांची पाकिटं, रेशनकार्ड आणि आधार एकाच पिशवीत घेऊन जा.

टप्पा ५. कड कापून घ्या, घाबरू नका

डॉक्टर ब्लेडनं जखमेची जाड कड आणि तळातला मेलेला, पिवळट थर काढतात. घरच्यांची तक्रार इथे येते, "आणली तेव्हा रुपयाएवढी होती, तुम्ही केवढी केली." जखम केली नाही, झाकलेली होती ती उघडी केली. कडेला साचलेल्या न सरकणाऱ्या पेशी गेल्या की मागच्या, काम करू शकणाऱ्या पेशींना वाट मिळते. घट्टा राहिला तर तो खड्यासारखा आत टोचत राहतो. हे काम एकदाच होत नाही, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला लागू शकतं.

सावधान: हे घरी करायचं नाही. आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावर काळं, कोरडं बोट असेल तर ते भिजवायचं नाही, खरवडायचं नाही, कोरडंच ठेवून डॉक्टरांकडे न्यायचं.

टप्पा ६. ड्रेसिंग

आता मलमाची पाळी, आणि बहुतेक जखमांना मलम लागतच नाही. जखमेला ओलसरपणा लागतो, चिखल लागत नाही. कोरड्या खपलीखालून पेशींना सरकता येत नाही. साचलेल्या पाण्यात विकरं भरलेली असतात आणि ती कड खातात. या दोन्हींच्या मधलं साधायचं.

क्रम असा. हात धुवा. जुना गॉज खसकन ओढू नका. त्यावर सलाइन ओता, दोन-तीन मिनिटं थांबा, अलगद सोडवा. कोरडा गॉज ओढला की त्याला काचेसारखी पातळ, चकचकीत पापुद्रीची कड चिकटून येते. ती पेशींची आठवडाभराची कमाई असते. मग सलाइननं धुवा, सलाइन फ्रीजमधलं गार नको. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, जखम पुसू नका. जखमेला न चिकटणारी जाळी, त्यावर पाणी शोषणारा गॉज, त्यावर सैल रोलर बँडेज. चिकटपट्टी बोटाला गोल गुंडाळायची नाही, सूज आली की तीच फास होते.

किती वेळा बदलायचं? पट्टीच्या बाहेरून ओल दिसली की लगेच, एरवी डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. पोव्हिडोन आयोडीन पहिल्या दिवशीच्या मळक्या जखमेला ठीक, पण लाल, दाणेदार, भरत आलेल्या जखमेवर रोज ओतू नका. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. उघडलेली सलाइनची बाटली दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

पावसाळ्यात आपल्याकडे एक जास्तीचं काम असतं. राधानगरी-गगनबावड्याकडे रोपलावणीला चिखलात उभं राहावं लागतं, गावात पुराचं पाणी येतं. बेचक्यातल्या चिखल्यांतून जंतू आत शिरतात. घरी आल्यावर बोटांमध्ये कापड घालून कोरडं करा. कोरड्या टाचांना व्हॅसलिन लावा, पण बेचक्यात लावू नका. उघडी जखम घेऊन शेतात किंवा पाण्यात जाऊच नका.

टप्पा ७. साखर, खाणं, तंबाखू

लागण झाली की साखर चढते आणि चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात. डॉक्टरांनी जखम भरेपर्यंत इन्शुलिन सुचवलं तर ते 'शेवटचा उपाय' म्हणून नसतं, त्या आठवड्यांची गरज म्हणून असतं.

पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवण्याची पद्धत मात्र मोडायला हवी. "अंडी नको, मटण नको, पू होतो," असं सांगून म्हाताऱ्या माणसाला महिनाभर भाकरी आणि पातळ आमटीवर ठेवतात. कोलॅजन प्रथिनातूनच बनतं. अंडी, मासे, दही, डाळी, मोड आलेली कडधान्यं द्या. मटणाच्या फोडी खाऊ द्या, रश्श्यावरचा तेलाचा तवंग काढा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तंबाखू, विडी, मशेरी बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मशेरीला 'दात घासते नुसते' म्हणणाऱ्या मावशींनाही हे लागू आहे.

टप्पा ८. दर आठवड्याला मोजा

रविवार ठरवा. पट्टी काढल्यावर मोजपट्टी जखमेशेजारी धरून, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. सगळ्यात जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी लिहा. ३ सेंटिमीटर गुणिले २ म्हणजे ६. चार आठवड्यांनी हा गुणाकार ३ किंवा कमी यायला हवा. पहिल्या चार आठवड्यांत निम्म्यानं घटणारी जखम बाराव्या आठवड्यापर्यंत भरण्याची शक्यता चांगली असते. निम्मी झाली नाही तर मलम बदलू नका. टप्पा ३ वर परत जा, मग ४ वर, मग ५ वर. तिथेच कुठेतरी अडलेलं असतं. कड कापल्यावर माप वाढतं, तेव्हा कापल्यानंतरचं माप पहिलं धरा.

टप्पा ९. जखम भरल्यावर

भरलेली कातडी जुन्या कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही, फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. मधुमेही पायाची भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण चाळीस टक्के आहे. म्हणून ड्रेसिंग थांबलं तरी रोज रात्री आरशात तळवे बघणं थांबवायचं नाही.

चपलेचं बोलायलाच हवं. कोल्हापुरीचा तळ कडक, अंगठ्याचा पट्टा घासणारा, आणि नवी असताना ती लागतेच. ज्याला लागल्याचं कळतं त्यानं तेल लावून मऊ करून खुशाल घालावी. बधिर पायासाठी ती नाही. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराच्या) तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घ्या. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि खरं माप मिळतं. पायात घालण्याआधी चप्पल उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, खिळ्याचं टोक, नातवाची गोटी, काहीही निघतं.

नवी चप्पल पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घाला. काढल्यावर आरशात बघा. कुठे लाल वळ दिसला आणि वीस मिनिटांत गेला नाही, तर चप्पल दुकानात परत न्या.